कोचच्या ताटातलं कूट

कोच माझ्या स्वयंपाकघरात फरशीवर बसला होता, पाठ फ्रीजला टेकून, आणि त्याचे ओठ माझ्या डोळ्यांदेखत सुजत होते. सहा फुटांहून उंच माणूस. मानेवर लाल गांधी उठल्या होत्या आणि श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. टेबलावर त्याचं ताट तसंच होतं. वरणभात, बटाट्याची भाजी आणि काकडीची कोशिंबीर. कोशिंबिरीचे दोन घास गेले होते.

"आज्जी," तो म्हणाला, "ह्यात दाणे आहेत."

मी म्हटलं, "नाहीत." आणि ओट्याकडे बघितलं. दाण्याच्या कुटाचा डबा उघडा होता. चमचा आत होता.

त्याने ट्रॅकपँटच्या खिशातून किल्ल्या काढून माझ्या हातात दिल्या आणि दोन बोटं वर केली. दोन दारं. त्याची खोली आमच्यापासून दोन दारं सोडून होती, आणि तो ज्याने वाचला असता ते इंजेक्शन तिथे त्याच्या पिशवीत होतं. घरात दुसरं कोणी नव्हतं. मुलगा आणि सून लांब पाया लेबार भागात ऑफिसला, नात शाळेत. मी तेव्हा बहात्तर वर्षांची, उजवा गुडघा कामातून गेलेला. मी किल्ल्या घेऊन निघाले.

आता हा माणूस कोण आणि माझ्या स्वयंपाकघरात काय करत होता, ते सांगते.

कोच पोलंडचा. इथे सिंगापुरात, टॅम्पिनीसला, आमच्याच ब्लॉकमध्ये, आमच्याच मजल्यावर, एका चिनी म्हाताऱ्याच्या फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहतो. माझी नात ज्या संघात फुटबॉल खेळते त्या मुलींना तो शिकवतो. मी सांगलीकडची, शाळा चौथीपर्यंत. नवरा साखर कारखान्यात फिटर होता. तो गेल्यावर मुलाने मला इकडे आणलं. नातीला मैदानावर नेण्याआणण्याचं काम माझ्याकडे आलं. दोन तास हात रिकामे ठेवून बसणं मला जमत नाही, म्हणून मी भाजी घेऊन जायची. मैदानाच्या पायऱ्यांवर बसून मेथी निवडायची, गवार मोडायची, लसूण सोलायचा. नातीला लाज वाटायची. मी म्हटलं, लाज वाटत असेल तर तू लांब उभी राहा, तुला तसंही धावायचंच आहे.

एक दिवस सराव संपल्यावर कोच पायऱ्या चढून माझ्याकडे आला. उजव्या पायाने किंचित लंगडायचा. माझ्यासमोरचा मेथीचा ढीग बघून म्हणाला, "सगळे आईबाप ओरडतात नाहीतर व्हिडिओ काढतात. काम करताना तुम्ही एकट्याच दिसता."

मी म्हटलं, "मला खेळ कळत नाही. कळला असता तर मीही ओरडले असते."

तो हसला आणि खाली बसून एक काडी उचलून मी करते तशी पानं खुडायला लागला. चुकीची खुडत होता. मी हातातून काढून घेतली आणि दाखवलं. मग बरोबर खुडली. सांगितलेलं एकदाच लागायचं त्याला.

माझं इंग्रजी इथल्या बाजारात शिकलेलं, त्याचं खेळाडूंच्या खोलीत. दोन्ही लंगडी, म्हणून आमचं चांगलं जमलं. ज्याचं इंग्रजी चांगलं असतं तो माझ्याशी बोलताना आवाज चढवतो, मी बहिरी असल्यासारखा. कोचने कधी चढवला नाही. नात मला आज्जी म्हणते, ते त्याला माझं नाव वाटलं होतं. नाव नव्हे हे कळल्यावरही त्याने बदललं नाही.

तो रोज दुपारी खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, एकाच गाळ्यावर कोंबडीभात खायचा. मी भाजी आणायला जाता येता बघायची. रोज तेच ताट, तीच खुर्ची. एकदा विचारलं, "तुम्हाला दुसरं काही आवडत नाही का?"

"आवडतं," तो म्हणाला. "पण ह्याच्याकडे दाणे नाहीत." मग त्याने सांगितलं की शेंगदाणा पोटात गेला तर त्याचा घसा बंद होतो. एवढासा गेला तरी. पिशवीत कायम इंजेक्शन बाळगतो, जाड पेनासारखं असतं, मांडीत मारायचं. आणि इथे सिंगापुरात तर काड्यांवर भाजलेल्या मांसाला दाण्याची चटणी, फळांच्या कोशिंबिरीवर दाणे, नूडल्सवर दाणे. मी म्हटलं, "मग ह्या देशात कशाला राहिलात?"

म्हणाला, "आमच्या गावात प्रत्येक दारूच्या दुकानात पाच कोच बसलेले असतात. सहावा कशाला?"

मी त्याला घरी जेवायला बोलावलं. सुनेला आधी ते बरं वाटलं नाही. परका पुरुष, घरात मी एकटी. मी म्हटलं, मी सत्तरीला आले, आता कोण काय बोलणार. मुलगा हसला आणि विषय संपला. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी तो यायचा, कारण त्या दिवशी सराव संध्याकाळी असायचा. त्याचं येणं असेल त्या दिवशी सकाळीच मी कुटाचा डबा वरच्या कपाटात ठेवून द्यायची. आमच्याकडे कूट मिठासारखं पडतं, भाजीत, कोशिंबिरीत, चटणीत. हाताला सवय असते, बघावं लागत नाही. म्हणून डबा डोळ्याआड ठेवायचा. पावणेदोन वर्षं हे चुकलं नाही.

जेवताना तो सांगायचा आणि मी ऐकायची. त्याचं गाव कोळशाच्या खाणींचं. बाप खाणीत. बापाने सांगितलं होतं, पाय चालले तर मैदानावर जा, नाहीतर उद्यापासून माझ्याबरोबर खाली. सतराव्या वर्षी गावच्या क्लबने घेतलं. लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडे मागे उभं राहून समोरून येणाऱ्याला अडवायचं. गोल मारायचं काम दुसऱ्याचं, हार घालून घ्यायचं कामही दुसऱ्याचं. मी म्हटलं, "म्हणजे घरातल्या मोठ्या सुनेसारखं." त्याला ते समजावून सांगावं लागलं. समजल्यावर म्हणाला, "बरोबर, तसंच."

बारा वर्षं एकाच क्लबात खेळला. बहुतेक दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, एकच वर्ष पहिल्या. ते वर्ष त्याला तारखेसकट पाठ आहे, कोणत्या मैदानावर चिखल होता तेसुद्धा. मग उजवा गुडघा गेला. क्लबने भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि हात मिळवला. दीड वर्ष तो बिअरचे खोके ट्रकमध्ये चढवत होता. मग त्याच्याबरोबर खेळलेल्या एकाने मलेशियातून फोन केला, इथे खेळाडू हवेत, गुडघ्याचं बोलू नकोस. हा बोलला नाही. बायको म्हणाली, जायचं तर जा, मी येणार नाही. तो गेला, ती आली नाही. एक मुलगी आहे, दाताची डॉक्टर. रविवारी फोन करते.

दाण्याचं त्याला तिथेच कळलं. गावात कधी खाल्लेच नव्हते असं म्हणायचा. संघातल्या एकाच्या लग्नात जेवायला बसला आणि उठला तो दवाखान्यात.

कोच कसा झाला, हे मला सगळ्यात आवडतं. मलेशियातल्या त्या क्लबचा आधीचा कोच हंगामाच्या मध्येच पळून गेला. मालकाने विचारलं, सरावाला वेळेवर कोण येतं? सगळ्यांनी ह्याच्याकडे बोट दाखवलं. एवढीच लायकी, तो म्हणायचा. तिथून थायलंड, तिथून व्हिएतनाम, परत मलेशिया. एका ठिकाणी सात सामन्यांनंतर काढून टाकला. संघाबरोबर बसमध्ये बसला होता, तेव्हा फोन आला. पुढच्या थांब्यावर उतरावं लागलं, पिशवीसकट.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. दुसरी बस पकडली."

सिंगापुरात आला तेव्हा पन्नाशी ओलांडलेली. मोठ्या पुरुषांचा संघ कोणी दिला नाही, बारा वर्षांखालच्या मुली दिल्या. त्याच्या गावची माणसं त्याची थट्टा करतात म्हणे, पहिल्या डिव्हिजनचा खेळाडू आणि पोरींना बुटाची नाडी बांधायला शिकवतो. त्याला त्याचं काही वाटत नाही. म्हणतो, पुरुषांना आधी जे येतं ते विसरायला लावावं लागतं, त्यात अर्धं वर्ष जातं. मुलींचं ते अर्धं वर्ष वाचतं.

आईबापांचा त्रास मात्र होता. आमच्यातलाच एक बाप, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, दर शनिवारी ह्याच्या मागे लागायचा की माझ्या मुलीला पुढे खेळवा, मागे उभी करून तिचं नुकसान होतंय. एकदा मी जवळच बसले होते. कोचने त्याला विचारलं, "सामन्यात तुम्ही काय बघता?"

"माझ्या मुलीला."

"आणि ती चेंडूला बघते. म्हणून तिला कळतंय आणि तुम्हाला नाही."

बाप माझ्याकडे वळला, आपला माणूस म्हणून. "बघा ना काकू, हे काय उत्तर झालं?"

मी म्हटलं, "मला लसूण सोलायचाय."

अशी दोन वर्षं होत आली होती. दुसऱ्या कोणाकडे जेवायला गेला तर पिशवी खांद्याला असायची, इंजेक्शन तिच्यात. माझ्याकडे सुरुवातीला पिशवी घेऊन यायचा. पुढे पुढे हात हलवत यायला लागला. ते मला दिसत होतं. मला त्याचं बरंच वाटत होतं, हे खोटं कशाला सांगू.

त्या मंगळवारी अंगारकी होती. मी देवाधर्माची फारशी नाही, पण अंगारकी सोडत नाही. मी साबुदाणा भिजवला होता. माझ्यासाठी खिचडी, त्याच्यासाठी वेगळं जेवण. खिचडीला कूट लागतं, म्हणून डबा खाली काढला. खिचडी झाली, तोवर कोचने दार वाजवलं. मी त्याला बसवलं, ताट वाढलं, काकडी चोचवून दही घातलं, मीठ, साखर, मिरची. आणि डबा ओट्यावरच होता. हात गेला. मला घातलेलं आठवत नाही. आजही आठवत नाही. पण दुसरं कोणी घालणार नव्हतं.

त्याने दोन घास खाल्ले आणि चमचा खाली ठेवला. जीभ खाजते म्हणाला. उठायला गेला आणि पाय गेले.

त्याच्या किल्ल्या घेऊन मी बाहेर पडले ती ओरडतच. शेजारची चिनी आंटी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी नुसतं "ॲम्ब्युलन्स, कोच, ॲम्ब्युलन्स" म्हणत होते. तिने हातातला कपडा टाकला आणि फोन लावला. काय झालं, का झालं, काही विचारलं नाही. नंबर लावून पत्ता सांगायला लागली.

त्याच्या दाराला दोन कुलपं, बाहेरच्या लोखंडी जाळीला एक आणि आतल्या दाराला एक. जुडग्यात चार किल्ल्या. पहिली लागली नाही, दुसरी लागली नाही. तिसरी लागली. जाळी उघडली तर आतलं दार नुसतं ओढलेलं होतं, म्हातारा घरात नव्हता. त्याच्या खोलीत मी पहिल्यांदाच गेले. पलंग, टेबल, भिंतीवर ते क्लबचं घड्याळ, आणि कोपऱ्यात पिशव्या. एक नाही, पाच. चेंडू, प्लास्टिकचे शंकू, मुलींच्या रंगीत बंड्या. मी एकेक उलटी केली. चेंडू सगळ्या खोलीभर गेले. पाचव्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ते पेन सापडलं.

परत आले तेव्हा तो बसलेला नव्हता, आडवा झाला होता. डोळे जवळजवळ मिटले होते. चेहरा ओळखू येत नव्हता. मी फरशीवर बसले. बहात्तर वर्षांच्या बाईने फरशीवर बसणं सोपं नसतं, पण बसले. पेनावर इंग्रजी अक्षरं बारीक होती, चित्रं होती, चष्मा टेबलावर. मी टोपण काढलं आणि मारायला हात उचलला, तर त्याने माझं मनगट धरलं. त्या अवस्थेत त्याच्या हातात एवढा जोर होता. त्याने पेन माझ्या हातात फिरवलं. मी उलटं धरलं होतं. सुई माझ्याच अंगठ्यात गेली असती आणि ते एकच होतं.

मी पँटवरूनच त्याच्या मांडीत मारलं. खटका वाजला. धरून ठेवायचं हे चित्रात होतं, ते तेवढं कळलं. मी मोठ्याने मराठीत दहापर्यंत मोजलं. मग आणखी दहा मोजले, भीतीने. आंटी दारात येऊन उभी होती. तीही माझ्याबरोबर चिनीत मोजत होती.

तिसऱ्या चौथ्या मिनिटाला शिट्टीचा आवाज कमी झाला. मग त्याला उलटी झाली, माझ्या पदरावर आणि फरशीवर. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला थोपटलं. ॲम्ब्युलन्सची माणसं आली, नाकाला नळी लावली, प्रश्न विचारले. काय खाल्लं? मी सांगितलं, शेंगदाणे. कोणी दिले? मी दिले. त्यातल्या मुलीने ते लिहून घेतलं, चेहऱ्यावर काही न आणता, आणि त्याला घेऊन गेले. मी फरशी पुसली. खिचडी टाकून दिली. उपास तसाच राहिला.

संध्याकाळी मुलगा घरी आला तो तापलेलाच. "आई, माणूस मेला असता."

"हो."

"तुला कितीदा सांगितलं, लोकांना जेवायला घालत बसू नकोस."

"एकदाही सांगितलं नाहीस. परवा त्याच्यासाठी कैऱ्या तूच आणल्यास."

त्याने बूट काढायला घेतले. नात शाळेतून येऊन सगळं ऐकून उभी होती. इथल्या पोरांसारखं शेवटी लाह लावून म्हणाली, "आज्जी, यू ऑलमोस्ट किल्ड अवर कोच, लाह! शनिवारी मॅच आहे!"

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. एक रात्र नजरेखाली ठेवलं होतं. जाताना काही करून नेलं नाही, हात रिकामे. त्याच्या चेहऱ्यावरची सूज उतरली होती, डोळे अजून फुगलेले. मी म्हटलं, "माझी चूक."

म्हणाला, "बारा वर्षं पोलंडमध्ये सगळ्यांनी मला पाडायचा प्रयत्न केला. तुम्ही काकडीने पाडलं."

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "आता माझ्याकडे जेवायचं नाही. बस झालं." आणि घरी आले.

शनिवारी तो मैदानावर खुर्चीत बसून होता, उभं राहायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मुली हरल्या. मी पायऱ्यांवर होते, खाली गेले नाही. आणि पुढच्या मंगळवारी दुपारी दार वाजलं.

मी जाळी उघडली नाही. जाळीतूनच म्हटलं, "मी काही केलेलं नाही."

"मग आता करा. मला वेळ आहे."

"तुम्हाला कळत नाही का? माझा हात चुकतो."

तो दारात उभा राहूनच बोलायला लागला. हे त्याने आधी कधी सांगितलं नव्हतं. बावीस वर्षांचा असताना, हंगामाच्या शेवटाशी एका सामन्यात, त्याने स्वतःच्याच गोलमध्ये चेंडू घातला. समोरचा खेळाडू लांब होता, कोणी धक्का दिला नाही, पाय गेला आणि चेंडू आत. संघ हरला. गावात बापाला खाणीतल्या माणसांनी बोलून हैराण केलं. पुढच्या सामन्याला संघाची नावं फळ्यावर लिहायची होती. त्याच्या कोचने खडू घेतला आणि पहिलं नाव ह्याचं लिहिलं. समजूत घातली नाही, शिव्या दिल्या नाहीत. नुसतं लिहिलं.

"मग जिंकलात का?"

"नाही. तोही हरलो. क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये गेला."

"म्हणजे कोचचं चुकलंच."

"चुकलं असेल," तो म्हणाला. "पण मी त्यानंतर सात वर्षं खेळलो आणि चेंडू परत तिकडे गेला नाही. आज्जी, जाळी उघडा, पाय दुखतोय."

मी उघडली. पिशवी त्याच्या खांद्याला होती. त्याने त्यातून दोन पेनं काढली, एक माझ्या चमच्यांच्या खणात ठेवलं आणि एक ताटाच्या जागी टेबलावर. मग पेन सुरीसारखं धरून मला दाखवलं, कोणतं टोक कुठे. तीनदा करून घेतलं माझ्याकडून, मुलींकडून करून घेतो तसं. तिसऱ्यांदा बरोबर आलं तेव्हा खुर्चीत बसला.

मी कुकर लावला. वरण, भात, तोंडल्याची भाजी. कोशिंबीर नाही.

आता घरात कूटच नाही. डबा सुनेने ऑफिसातल्या मैत्रिणीला देऊन टाकला, दाणे आणणं बंद. कुटाशिवाय साबुदाण्याची खिचडी खाण्यात काही अर्थ नाही, म्हणून उपासाला मी भगर खाते. सुरुवातीला जेवण अळणी लागायचं, मुलगा कुरकुर करायचा. आता त्याला कोणी दाणे घातले तर तोच म्हणतो, फार जड झालं. कोशिंबीर मी वर्षभराने परत केली. कोचने आधी माझ्याकडे बघितलं, मग ओट्याकडे, मग खाल्ली. दुसऱ्यांदा मागून घेतली.

त्याचा इथे काम करायचा पास आणखी दोन वर्षांसाठी वाढवून मिळाला. आता चौदा वर्षांखालच्या मुली त्याच्याकडे आहेत, नात त्यांच्यात. ती डावीकडे मागे खेळते. त्या बँकेतल्या बापाची मुलगी पुढे खेळते आणि बाप आता वेगळ्याच कारणाने ओरडतो. शेजारची आंटी मला लिफ्टमध्ये भेटली की अजून दहापर्यंत मोजून दाखवते.

मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. कोच सत्तावन्न. त्या दुपारी त्या फरशीवर आम्ही दोघं होतो, आणि दोघंही आहोत.